पुळणीवरचं फूल ओळखायचं तर आधी पायाखाली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिमग्यानंतर तुम्ही पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या गावी राहायला आलात. मुलगी आठवीत आहे आणि तिनं समुद्राकाठच्या रानफुलांची वही सुरू केली आहे. फोनमधलं ॲप एकाच फुलाला तीन दिवसांत तीन नावं देतं, म्हणून ती वैतागली आहे. चार फुलांवर तुमचं अडलंय: वाळूवर पसरलेल्या वेलीचं जांभळट गुलाबी फूल, सकाळी पिवळं आणि संध्याकाळी तांबूस होणारं, झाडावरचं फूल, कुणीतरी अर्धं फाडून नेल्यासारखं दिसणारं पांढरं फूल, आणि खाडीच्या कडेला काटेरी पानांच्या झुडपावरचं निळं फूल. या चौघांची नावं हवीत, आणि पुढची फुलं आपली आपण ओळखायची रीतही हवी.

नावं आधी देऊन टाकतो. पहिली मर्यादवेल. दुसरं एक तर भेंड, नाही तर बेलपाट. त्यातलं नेमकं कुठलं ते तुमच्या मुलीनंच ठरवायचं आहे, कसं ते पुढे सांगतो. तिसरं भद्राक्ष. चौथी मारांडी.

आता रीत. मी जवळजवळ तीस वर्षं कोकणातल्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी पहिल्या सहलीला मुलांना एकच गोष्ट सांगत आलो: फूल सगळ्यात शेवटी बघायचं. आधी जमीन, मग पान, मग चीक आणि वास, आणि मग फूल. मुलांना हे लगेच पटत नाही, कारण नजर रंगावरच जाते. ॲपचंही तसंच होतं. त्याला तुम्ही फुलाचा अगदी जवळून काढलेला फोटो देता. खाली वाळू आहे की चिखल, झाड उभं आहे की सरपटतंय, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, यातलं काहीच त्याला दिसत नाही. मग ते जगभरातली कर्ण्यासारखी गुलाबी फुलं धुंडाळतं आणि त्यातलं एक नाव तुमच्या हातात ठेवतं.

समुद्राकाठी जमिनीला इतकं महत्त्व का, तर इथे दहा पावलांत सगळं बदलतं. खाऱ्या पाण्याचा फवारा, तव्यासारखी तापणारी वाळू, वाऱ्याबरोबर हलणारी जमीन, उधाणाला आत शिरणारं पाणी. हे सोसायची प्रत्येक झाडाची ताकद वेगळी, म्हणून प्रत्येकाची जागा ठरल्यासारखी असते. जागा नीट पाहिली की शंभर शक्यतांमधल्या पाच-सात उरतात. म्हणून वहीत प्रत्येक फुलापुढे पहिली नोंद ही करायला सांगा: उधाणाच्या भरतीची खूण, म्हणजे काटक्या, शेवाळ आणि शिंपल्यांची पुळणीवर जी रेघ पडते ती, तिच्यापासून हे झाड किती पावलं वर आहे?

त्या रेघेपासूनच वर चालायला लागू.

रेघेच्या लगेच वर, जिथं वाळू अजून भुसभुशीत असते, तिथं मर्यादवेल भेटते. तिचं पान एकदा पाहिलं की आयुष्यभर विसरायचं नाही. दसऱ्याला आपण जे आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, त्याच घडणीचं. टोकाला मधोमध खाच, दोन्ही बाजूंना गोल पाळ्या. फक्त आपट्यापेक्षा जाड आणि चकचकीत. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-कॅप्री, त्यातल्या पेस-कॅप्रीचा अर्थ बकरीचं पाऊल. तेही या खाचेवरूनच. पान तोडलं की पांढरा चीक येतो. देठाशी, पानाच्या तळाला दोन बारीक ग्रंथी असतात. भिंगातून दाखवा मुलीला, तिथं मुंग्या घुटमळताना बऱ्याचदा सापडतात. वेल वाळूवरून लांबच लांब धावते आणि पेरापेराला मुळं सोडते. फूल कर्ण्यासारखं, गळ्याशी गडद. ते सकाळी टवटवीत असतं आणि दुपारच्या उन्हात मिटून जातं. तुमची मुलगी शाळा सुटल्यावर पुळणीवर जात असेल तर तिला मलूल फूल दिसणार, आणि मलूल फुलाच्या फोटोवर ॲप काहीही सांगणार. सकाळी सातला एकदा जाऊन या.

हिची बोंडंही गोळा करा. आत चार बिया, त्यांवर तपकिरी मखमली लव. वाटीत पाणी घेऊन टाका, तरंगतात. समुद्रातून अशाच तरंगत जाऊन त्या उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्याकिनाऱ्याला रुजल्या, म्हणून ही वेल कोकणात दिसते तशी आफ्रिकेच्या आणि अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरही दिसते. मर्यादवेल हे नाव आमच्याकडची जुनी माणसं असं उलगडतात की ही वेल समुद्राला त्याची मर्यादा दाखवते. नावात काव्य असलं तरी निरीक्षण पक्कं आहे. वाऱ्यानं उडणारी वाळू तिच्या पसाऱ्यात अडकते, वेल त्या वाळूतून पुन्हा वर डोकं काढते, पुन्हा वाळू अडकते, आणि हळूहळू तिथं वाळूचा बांध तयार होतो. पावसाळी लाटांनी तो कापला, तरी भाद्रपदानंतर पहिली परत येते ती हीच.

हिच्याशी गल्लत होते ती समुद्रकाठच्या अबईची. आपण भाजीला खातो त्या अबईची ही बहीण. शास्त्रीय नाव कॅनाव्हालिया रोझिया. जागा तीच, सरपटणं तेच, फुलाचा रंगही जवळपास तोच. पण पानाकडे बघितलंत तर गोंधळ उरत नाही: हिचं पान तीन पर्णिकांचं, वालाच्या वेलीसारखं. फूलही वाटाण्याच्या घडणीचं, मात्र उलटं टांगलेलं. जी मोठी पाकळी एरवी मागे वर उभी असते ती इथे खाली असते आणि माशी तिच्यावर उतरते. शेंग जाड, कडेनं कंगोरे असलेली. ही शेंग खायची नाही, कच्च्या बिया बाधतात. बेशरमचं फूलही गुलाबी आणि कर्ण्यासारखंच असतं, पण बेशरम उभं वाढतं, गोड्या पाण्याच्या डबक्याकाठी असतं आणि पान बदामाच्या आकाराचं लांबट असतं. बघा, पायाखालची जमीन सांगितली की निम्मं काम झालं.

याच पट्ट्यात गुडघ्यावर बसून शोधायची तीन छोटी फुलं आहेत. एक पिवळं, शेवंतीच्या कुळातलं, जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चकतीतून वर येणारं. ही पुळणीवरची पाथरी, लॉनिया सार्मेंटोसा. शेतातल्या पाथरीपासून ओळखायची खूण अशी की ही एका चकतीतून लांब धावतं धाट सोडते, ते पुढे जाऊन मुळं धरतं, तिथं दुसरी चकती, मग तिसरी. वाळूवर माळ मांडल्यासारखी दिसते. दुसरं फूल मांसल पानांच्या पसाऱ्यात चमकणारी गुलाबी चांदणी. ही सेसुव्हियम. लोक हिला घोळच समजतात. घोळीचं फूल पिवळं असतं. शिवाय सेसुव्हियमची पानं प्रत्येक पेराला नेमकी समोरासमोर असतात आणि चांदणी मागून पाहिली तर हिरवी दिसते, कारण त्या पाकळ्याच नाहीत. संदलांचीच, म्हणजे कळीभोवतीच्या हिरव्या दलांचीच, आतली बाजू गुलाबी असते. हे झाड खाडीच्या मुखाशी, ओल्या खारट वाळूत जास्त सापडतं.

तिसऱ्या फुलाबद्दल मला विशेष प्रेम आहे. हायड्रोफायलॅक्स मॅरिटिमा. याला रोजच्या बोलण्यातलं मराठी नाव मी कुठं ऐकलेलं नाही, म्हणून शास्त्रीयच लिहितो. कॉफीच्या कुळातली बोटभर उंचीची सरपटणारी वनस्पती, पानं जाडसर आणि समोरासमोर, फूल फिकट जांभळं, चार पाकळ्यांचं. पुळणीवर चार पाकळ्यांचं फिकट जांभळं फूल दिसलं की थांबा, त्याच्यावरून चालू नका, वहीत तारीख आणि जागा लिहा. ज्या पुळणींवर मी हिला माझ्या तरुणपणी सहज दाखवत असे, त्यातल्या काहींवर आता वाळूत गाड्या फिरतात आणि ही तिथं सापडत नाही.

वाळूत टोचणारं ताठ गवतही तुम्हाला भेटेल, चेंडूसारख्या काटेरी गोळ्यांचं. या गवताला रावणाच्या मिशा म्हणतात. याचं नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. गोळे येतात ते मादीला. सुकले की तुटतात आणि वाऱ्याबरोबर पुळणीवरून गडगडत बी पेरत जातात. फुलांच्या वहीत गवताला जागा नसते असं मुलीला वाटलं तर तिला हे पळणारे गोळे दाखवा.

आता जरा वर, जिथं वाळू बसलेली आहे आणि माडांच्या बागांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, सुरू होतात, तिथं. इथं झाडं जास्त, म्हणून फुलांपेक्षा छोट्या परीक्षा जास्त कामाला येतात. जांभळट गुलाबी फुलांचं, चिंचेसारख्या संयुक्त पानांचं कंबरेएवढं झुडूप दिसलं तर एक पर्णिका दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. ती सरळ न फाटता बाणाच्या पिसासारखी कोनात तुटली की ती उन्हाळी. संस्कृतात हिला शरपुंखा म्हणतात, म्हणजे बाणाचं पीस लावलेलं टोक. नाव ठेवणाऱ्यानं ही परीक्षा केलेली होती हे उघड आहे. पिवळं फूल आणि काटेरी फळ दिसलं की सगळे गोखरू म्हणतात, पण गोखरू दोन. लहान गोखरू म्हणजे सराटा जमिनीवर पसरतो, त्याचं पान चिंचेसारखं असतं. मोठं गोखरू थोडं उभं, मांसल, पान अखंड आणि कडेला दातेरी, फूल नळीसारखं. त्याची ओली काडी पेलाभर पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत, दाट होतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

रुई तुम्ही ओळखताच. एवढंच बघा की पाकळ्या सपाट पसरलेल्या आहेत, का पेल्यासारख्या उभ्या आणि टोकाला जांभळ्या. पहिली मोठी रुई, शनिवारी मारुतीला हिच्याच पानांची माळ घालतात. दुसरी तिची बहीण, देशावर कोरड्या माळांवर जास्त. दोन्हींचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. गडग्याशी पांढरी, लांब नळीची आणि त्यातून लांब जांभळे पुंकेसर बाहेर आलेली फुलं असतील तर ती वनजाई. फुलं बहुतेक तीन-तीनच्या गुच्छात, पानं समोरासमोर, चुरगळली तर उग्र वास. शहरात कडू मेंदी म्हणून कुंपणाला कापून-छाटून लावतात ती हीच, म्हणून पुण्यात राहून तुम्ही हिला रोज पाहिलं असेल, पण फुललेली क्वचितच. आणि सदाफुली वाळूत आपोआप उगवलेली दिसली तर ती मूळची इथली समजू नका. ती मादागास्करची, बागेतून बाहेर पडून रानटी झालेली. वहीत अशा पाहुण्यांसाठी वेगळं पान ठेवा.

तुमच्या तिसऱ्या फुलाकडे येतो. भद्राक्ष, शास्त्रीय नाव स्कॅव्होला टक्काडा. फूल खरोखर कुणी फाडलेलं नसतं. त्याची नळी एका बाजूला तळापर्यंत चिरलेली असते आणि पाचही पाकळ्या दुसऱ्या बाजूला, उघडलेल्या पंजासारख्या. फांदीच्या टोकाला दाटीनं आलेली रसरशीत पोपटी पानं आणि पानांच्या बगलेत पांढरे केसांचे झुपके, या दोन खुणा फूल नसतानाही पुरतात. फळ पिकल्यावर पांढरं होतं. काळं दिसलं तर ती वेगळी जात. हल्ली हिला हॉटेलांच्या कुंपणालाही लावतात, तेव्हा रांगेत, सारख्या अंतरावर झाडं दिसली तर वहीत 'लावलेली' असं लिहावं.

आता भेंड आणि बेलपाट. इथं मी सावकाश सांगणार आहे, कारण ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली आणि माझ्याकडून शिकलेल्या मुलांनीही केली. नोकरीच्या सुरुवातीला मालवणकडच्या एका खाडीवर मुलांना घेऊन गेलो होतो. पिवळं, जास्वंदीच्या घडणीचं, मध्ये गडद तपकिरी-लाल डोळा असलेलं फूल. मी भेंड म्हणून सांगितलं. बाजूला जाळं विणत बसलेले एक म्हातारे आजोबा उठून आले आणि म्हणाले, "ती भेंड नाय हां मास्तर. बेलपाट ती. हिच्या सालीचो दोर वळतत." आणि त्यांनी फांदीची साल सोलून, ओल्या धाग्याला पीळ घालून तिथल्या तिथं दोर करून दाखवला. मी घरी जाऊन दोन्ही झाडांची पानं शेजारी ठेवून बसलो तेव्हा कळलं की फूल सोडून सगळंच वेगळं होतं. मी फक्त फूल पाहिलं होतं.

दोन्ही जास्वंदीच्या कुळातली, दोन्ही खाडीकाठी, दोन्हींची फुलं पिवळी उमलतात आणि दिवस कलताना तांबूस होतात. फरक असे. पान उलटं करा: बेलपाटीचं पान खालून राखाडी-पांढरं, लवदार, हाताला मऊ, भेंडीचं दोन्हीकडून गुळगुळीत, आणि आकार पिंपळाच्या पानाची आठवण देणारा, म्हणूनच तिला पारोसा पिंपळही म्हणतात. मग फूल देठाकडून बघा. भेंडीच्या फुलाची हिरवी वाटी पेल्यासारखी, काठ सपाट, दाते जवळजवळ नाहीतच. बेलपाटीच्या वाटीला पाच टोकं आणि तिच्याखाली आणखी एक दातेरी छोटी वाटी. मग फुलाच्या मधला दांडा: भेंडीत तो टोकाला एकसंध गदेसारखा, बेलपाटीत पाच वेगळ्या गोल टिकल्यांत संपतो. फळ मिळालं तर प्रश्नच मिटला. बेलपाटीचं बोंड पाच फाकांनी उकलतं, भेंडीचं गोल फळ झाडावर काळं पडून तसंच लटकत राहतं. आणखी एक, खात्री करायला: बेलपाटीची तांबूस फुलं झाडाखाली पडलेली सापडतात, भेंडीची कोमेजलेली फुलं बराच काळ फांदीलाच चिकटून असतात. गावात विचारायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, काही वाड्यांत दोन्हींना भेंडच म्हणतात. म्हणून नाव विचारताना माणसाला झाडाजवळ घेऊन जा, आणि त्या झाडाचं लोक काय करतात तेही विचारा. दोर निघतो म्हणाले की कान टवकारा.

याच ओळीत उंडी आणि केवडा येतात. उंडीची पांढरी सुगंधी फुलं, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका; पान जाड आणि त्यावर मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक समांतर रेघा इतक्या दाट की पान विंचरल्यासारखं वाटतं. केवड्याबद्दल एवढंच, की आपण ज्याला केवडा म्हणून विकत घेतो तो नर झाडाचा तुरा. मादीला अननसासारखं फळ लागतं. ते बघून लोक तिला भलतंच झाड समजतात.

पुळण सोडून खाडीत उतरलं की नियम बदलतात. इथं वाळूऐवजी चिखल, आणि दिवसातून दोनदा खारं पाणी. तुमचं चौथं फूल मारांडी इथलं. झुडूप कंबर-छातीएवढं, पानं कडक, कडेला काटे. पण सावलीत वाढलेल्या मारांडीच्या पानांना काटे नसतातही, त्यामुळे निव्वळ काट्यांवर विसंबू नका. पक्की खूण फुलात आहे: त्याला वरचा ओठच नाही. फक्त खालची एक रुंद निळी-जांभळी पाकळी पुढे जिभेसारखी आणि तिच्यावर चार जाड पुंकेसर दाटीवाटीनं उभे. मध प्यायचा तर ते बाजूला रेटावे लागतात. हे बळ मोठ्या काळ्या भुंग्यात असतं. सकाळी दहाच्या सुमाराला पंधरा मिनिटं शांत उभे राहा, भुंगा पाकळीवर उतरून अंग आत घुसवताना दिसेल. फळं सुकल्यावर टचकन फुटतात आणि बिया लांब उडवतात. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवा, खरखरीत लागेल; ते मीठ. मारांडी, तिवर आणि काजळा ही तिन्ही झाडं मुळांतून आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात.

तिवर आणि काजळ्याची फुलं लोक सोडून देतात, कारण ती लहान असतात. तिवराची नारिंगी पिवळी, चार पाकळ्यांची, गोडसर वासाची. झाडाखाली चिखलातून पेन्सिलींसारखी मुळं वर आलेली. काजळ्याची पांढऱ्या चांदण्यांसारखी, गुच्छात, वास लांबून येतो, आणि फळं वाकड्या मिरचीसारखी. कांदळाच्या फांदीला लटकणाऱ्या हिरव्या लांब शेंगा म्हणजे शेंगा नव्हेत. झाडावरच रुजलेली रोपं आहेत ती.

चिप्पीचं फूल दिवसा शोधू नका. ते संध्याकाळनंतर उमलतं, असंख्य पांढऱ्या पुंकेसरांचा झुपका, वटवाघळं आणि पतंग येतात, आणि सकाळपर्यंत सगळं गळून पाण्यावर पांढरे तंतू तरंगत राहतात. झाडावर उरते ती हिरव्या संदलांची चांदणी. 2020 साली महाराष्ट्रानं याच पांढऱ्या चिप्पीला, सोनेराटिया अल्बाला, राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तिकडे कधी गेलात तर त्यांनाच विचारा. झाडाची ओळख होडीतून, पाण्याच्या पातळीवरून, फार चांगली होते.

आणि एक झाड हात न लावता ओळखायचं: गेवा. पानं गळण्याआधी लालभडक होतात, फुलं बारीक, पिवळट, लोंबत्या तुऱ्यांत. फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं, कातडीवर फोड येतात. खाडीकडच्या अनोळखी झाडाचा चीक तपासायचाच असेल तर मोठ्या माणसानं, काडीनं. मुलीला सक्त सांगा. पावसाळ्यात गडग्यावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी फुलेल, तीही फक्त बघायची. तिचा कंद भयंकर विषारी आहे. खाडीत फांद्या तर मुळीच तोडू नका. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांचा नाश हा लोकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आहे, आणि तसंही पडलेल्या फुलापानांवर वही भरते.

जून उजाडला की पुळण सोडा आणि गावावरच्या सड्यावर जा. सडा म्हणजे जिथून समुद्र दिसतो अशा उंचीवरचा सपाट काळा कातळ, उन्हाळ्यात ओसाड, आणि मृगानंतर दोन आठवड्यांत जिवंत. पहिल्या पावसात दिपकाडी येते, पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती, जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे: दिपकाडी कोंकणेन्सी. मग पाणी साचलेल्या खळग्यांत निळी-जांभळी सीतेची आसवं, ज्यांच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्या पाण्यातले किडे गिळतात. लालसर चिकट थेंबांची दवबिंदू, तीही किडेखाऊ. आणि गेंदांची पांढरी बटणं. इथंही तोच नियम: खळग्यात किती बोटं पाणी आहे, माती किती आहे, का नुसता कातळ आहे, ते आधी लिहा. चार बोटं माती आणि दोन बोटं माती यांत फुलं वेगळी असतात. हे सडे चिरेखाणींसाठी आणि बागांसाठी झपाट्यानं फोडले जातात, म्हणून तुमच्या मुलीची तारखांसकट ठेवलेली वही पुढे दहा वर्षांनी खरोखर उपयोगी पडेल.

फोटोंबद्दल. एका झाडाचे निदान पाच: झाड आणि खालची जमीन एकत्र, फांदीवर पानं कशी लागली आहेत ते, पानाची दोन्ही अंगं, फूल समोरून आणि देठाकडून, फळ असेल तर फळ. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. ॲपला हे सगळे फोटो द्या, जागा नोंदवायची सोय चालू ठेवा आणि त्यानं दिलेलं नाव प्रश्नचिन्ह लावून पेन्सिलनं लिहा. पान, वाटी, फळ तिन्ही जुळलं की मगच शाईनं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण गावात राहणार आहात म्हणून सांगतो. एका गावात पर्यटकांना पुळण स्वच्छ दिसावी म्हणून ट्रॅक्टरनं मर्यादवेल खरवडून काढलेली मी पाहिली. तिला तिथं कचरा म्हणत होते. पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथल्या पहिल्या ओळीच्या माडांची मुळं उघडी पडली. दुसऱ्या ठिकाणी वाळूचे बांध सपाट करून सुरूचं बन केलं. सुरूच्या काड्यांचा जाड थर खाली साचतो आणि त्याखालून पाथरी, उन्हाळी, अबई काही वर येत नाही. तुमच्या वाडीत स्वच्छतेची मोहीम निघाली तर प्लास्टिक उचलायला सगळ्यांत पुढे व्हा, आणि वेलीला हात लावू देऊ नका. मुलीला वही घेऊन सोबत न्या. आठवीतली पोर वेलीचं नाव आणि काम सांगते तेव्हा मोठी माणसं ऐकतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

या रविवारी दुसऱ्या फुलाचं काम उरकून टाका. पान उलटं करून एक फोटो, फूल देठाकडून एक फोटो, आणि झाडाखाली तांबूस फुलं पडली आहेत का ते बघून मला कळवा.